खडबडीत रस्त्यांसाठी बाबागाडी: नागपूरच्या फिरत्या कुटुंबांनी निवडताना काय पाहावं

दुकानातल्या चकचकीत फरशीवर कुठलीही बाबागाडी एका बोटाने चालते, सहा हजारांचीही आणि साठ हजारांचीही. फरक कळतो तो फाटकाबाहेर पडल्यावर. सिमेंटच्या रस्त्यावरून बाजूच्या मातीत उतरताना मोठी कड लागते, फुटपाथचे गट्टू जागोजागी खचलेले असतात, नालीवर लोखंडी जाळी असते आणि नव्या लेआउटमध्ये तर गिट्टी पडून वर्ष झालं तरी डांबराचा पत्ता नसतो. खोक्यावर ‘ऑल-टेरेन’ (म्हणजे कुठल्याही रस्त्यावर चालणारी) छापायला कुणाची परवानगी लागत नाही. पाच इंची प्लास्टिकच्या चाकांवर उभ्या असलेल्या गाड्यांवरही हा शिक्का सर्रास दिसतो. म्हणून खरेदीची सुरुवात दुकानातून किंवा मोबाइलवरून न करता रस्त्यावरून करावी. रोजच्या वाटेवरचे सगळ्यात वाईट दहा मीटर कोणते, हे एकदा कळलं की अर्धी निवड तिथेच होते.

टेप घेऊन एक फेरी

मेजरिंग टेप, कागद आणि बाळाला आजीकडे सोपवून मिळालेला अर्धा तास, एवढं पुरे. जिथे तुम्ही खरोखर जाता तिथपर्यंत चालत जा. ‘कधीतरी जाऊ’ म्हणता त्या जागा सोडून द्या. चार गोष्टी लिहून घ्या: सगळ्यात उंच कड किती सेंटिमीटर, जाळीच्या फटी किती रुंद आणि कुठल्या दिशेने, गिट्टीचा किंवा मऊ मातीचा पट्टा किती लांब, आणि सगळ्यात अरुंद जागा कोणती.

ही अरुंद जागा बहुतेक वेळा घरातच सापडते, ती म्हणजे लिफ्टचं दार. बऱ्याच अपार्टमेंटमध्ये ते ७० सेंटिमीटरचं असतं, आणि मोठ्या चाकांच्या गाड्या ६० ते ७० सेंटिमीटर रुंद असतात. कागदावर बसणारी गाडी प्रत्यक्षात चाकाच्या टोपीवर घासते. किमान ३ सेंटिमीटर मोकळीक ठेवा. गाडी आत गेल्यावर तुम्हालाही आत उभं राहायचं आहे, त्यामुळे लिफ्टची खोलीही मोजा. महाल-इतवारीतल्या लिफ्ट नसलेल्या घरांत जिन्याचं वळण मोजावं आणि तिथे गाडीचं वजन हाच पहिला निकष धरावा. जुळ्यांसाठी शेजारी-शेजारी सीटची गाडी ७५ सेंटिमीटरच्या पुढे जाते. ती लिफ्टमध्ये शिरत नसेल तर बाकी कुठल्याही गुणाला अर्थ नाही.

वाटांचे ढोबळ प्रकार तीन. सिव्हिल लाइन्समधले झाडीचे रस्ते किंवा फुटाळ्याचा काठ अशा पक्क्या रस्त्यावर तुमचं बहुतेक फिरणं होत असेल तर ८ ते १० इंची रबरी चाकं पुरतात. बेसा, मनीषनगर, हुडकेश्वरकडच्या लेआउटमधून निघून अर्धा रस्ता कच्चा आणि अर्धा गट्टूंचा असेल, किंवा अंबाझरी-गोरेवाड्याकडच्या मातीच्या वाटांवर नेहमी जाणं असेल, तर १० ते १२ इंची चाकं आणि मागच्या बाजूला खरं सस्पेन्शन हवं. आणि आई किंवा बाबा गाडी ढकलत धावणार असतील तरच तीन चाकांची जॉगिंग गाडी घ्यावी: मागे १६ इंची, पुढे १२ किंवा १६ इंची. आमच्या मते बहुसंख्य नागपूरकर घरांची गरज मधल्या प्रकारात भागते. धावण्याचा संकल्प करून घेतलेली जॉगिंग गाडी तिच्या आकारामुळे महिन्याभरात बाल्कनीत जाऊन बसते आणि तिच्यावर कपडे वाळत पडतात.

रामटेकच्या गडाच्या पायऱ्यांना कुठलीच बाबागाडी उपयोगाची नाही. तिथे पाठीवरचं कॅरियर घ्या, तेही बाळ आधाराशिवाय नीट बसायला लागल्यावरच.

चाक: पैसे इथेच घालवावेत

चाक जितकं लहान तितकं ते कडेला अडतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. किती अडतं ते आकड्यांत पाहिलं की डोळे उघडतात. २.५ सेंटिमीटरची कड चढायला ६ इंची चाकाला, त्या चाकावर जेवढा भार आहे त्याहून थोडा जास्तच आडवा जोर लागतो. १२ इंची चाकाला भाराच्या साधारण दोन-तृतीयांश जोर पुरतो आणि १६ इंचीला निम्म्याहून थोडा अधिक. कड ५ सेंटिमीटरची झाली की ६ इंचीला भाराच्या जवळजवळ तिप्पट जोर लागतो, म्हणजे ते चढतच नाही. १२ इंचीला तेव्हाही भाराइतकाच किंवा थोडा जास्त जोर लागतो. चालत्या गाडीचं लहान चाक अशा कडेला आपटलं की चाक थांबतं आणि गाडी पुढे कलते. बाळाच्या मानेला बसणारा झटका हा त्याचाच.

चाकाची रुंदीही पाहा. अडीच-तीन सेंटिमीटर रुंदीची चाकं नालीच्या जाळीत रुततात. साडेचार ते सहा सेंटिमीटरची सहसा वरून निघून जातात. तरी जाळी ओलांडताना फटींच्या आडवं जावं, फटींच्या दिशेने कधीच नाही.

आता प्रश्न हवेचा की भरीव चाकांचा. हवेची चाकं गिट्टीवरची बारीक थरथर गिळून टाकतात, हे सुख दुसऱ्या कशाने मिळत नाही. पण नागपूरच्या मोकळ्या मैदानांत आणि तलावांच्या काठांवर बाभळीचे काटे आणि गोखरू भरपूर. काटा घुसला तर हवा लगेच जाईल असं नाही. तो टायरमध्ये बसून राहतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चाक बसलेलं दिसतं. त्यामुळे पंक्चर काढताना नुसती ट्यूब बदलू नका. टायरच्या आतून जुन्या सुती फडक्याने हळूच पुसत जा. फडकं अडेल तिथे काटा. तो बाहेरून पक्कडीने ओढून काढल्याशिवाय नवी ट्यूब घालू नये, नाहीतर ती संध्याकाळपर्यंत टिकत नाही. ट्यूबमध्ये सीलंट, म्हणजे छिद्रं बुजवणारा चिकट द्रव, भरून घेतलं तर बारीक काट्यांची छिद्रं आपोआप बुजतात, पण ते कालांतराने वाळतं आणि मग पुन्हा भरावं लागतं.

भरीव फोमच्या चाकांना यातलं काही नाही. ती थोडी कडक चालतात, आणि स्वस्त फोम उन्हात ठेवून ठेवून भेगाळतो किंवा एका बाजूने झिजून सपाट होतो. चांगली असतील तर रबराचा थर बाहेरून वेगळा दिसतो. नखाने दाबून पाहा: नख उमटून तसंच राहिलं तर तो नुसता हलका फोम आहे, गिट्टीवर त्याचे तुकडे निघतील. फक्त चालणाऱ्या आणि घरात पंप नसलेल्या कुटुंबाने रबराचा थर असलेली १० ते १२ इंची भरीव चाकं घ्यावीत. धावणाऱ्यांनी आणि रोज कच्च्या रस्त्यावर जाणाऱ्यांनी हवेचीच घ्यावीत.

हवेची घेणार असाल तर दुकानातच टायरच्या कडेवरचं माप वाचा. १२ इंची चाकांवर बहुतेक ‘१२ १/२ × २ १/४’ किंवा ‘६२-२०३’ असं असतं, १६ इंचीवर ‘१६ × १.७५’ किंवा ‘४७-३०५’. मुलांच्या लहान सायकलींची मापं हीच असल्याने ट्यूब सायकलच्या दुकानात मिळते, कंपनीकडून मागवायची गरज पडत नाही. यापेक्षा वेगळं, कुठेही न मिळणारं माप असेल तर ती गाडी सोडून द्या. व्हॉल्व्ह मोटारसायकलसारखा जाड असेल तर उत्तम, कारण कुठलाही फूट पंप चालतो. त्या रिमच्या छिद्रात आपल्या साध्या सायकलचा व्हॉल्व्हही बसतो, त्यामुळे अडीअडचणीला पंक्चरवाल्याकडची साधी ट्यूबही कामाला येते. उलटं मात्र होत नाही. बारीक, उंच व्हॉल्व्हसाठी पाडलेल्या छिद्रात जाड व्हॉल्व्ह शिरत नाही. लहान चाकांत पंपाचं तोंड शिरायला जागा नसते, म्हणून काहींना वाकडा व्हॉल्व्ह दिलेला असतो. ट्यूब बदलताना तसाच मागा.

हवा भरताना पेट्रोल पंपावरचा कॉम्प्रेसर वापरू नये. एवढ्याशा ट्यूबमध्ये तो दोन सेकंदांत मर्यादेपलीकडे हवा ढकलतो, ट्यूब फुटते किंवा प्लास्टिकची रिम चिरते. गेज असलेला फूट पंप घ्या. टायरवर लिहिलेल्या कमाल दाबाच्या तीन-चतुर्थांशावर सुरुवात करा आणि बाळाच्या वजनाप्रमाणे थोडं वर-खाली करा. अंगठ्याने जोरात दाबल्यावर टायर किंचित आत गेला पाहिजे. उन्हाळ्यात आणखी एक हिशेब असतो. २५ अंशांना ३० पीएसआय (पंपाच्या गेजवरचं हवेच्या दाबाचं माप) भरलेलं चाक बंद कारच्या डिकीत ६० अंशांपर्यंत तापलं तर आतला दाब ३५ च्या आसपास जातो. म्हणून मेमध्ये काठोकाठ भरू नका आणि गाडी उन्हातल्या डिकीत पडू देऊ नका.

पुढचं चाक, स्प्रिंग आणि ब्रेक

पुढचं चाक फिरतं असेल तर गर्दीत, दुकानात, मेट्रो स्टेशनच्या लिफ्टमध्ये वळवायला सोपं. पण कच्च्या रस्त्यावर किंवा वेगात तेच चाक थडथड करत डावी-उजवीकडे हलू लागतं. म्हणून ते सरळ दिशेत लॉक करता आलंच पाहिजे, आणि लॉकची कळ पायाने किंवा हँडलवरून पोचण्याजोगी हवी. धावताना लॉक कायम लावलेलं असावं, गाडीने किती का सांभाळून घेईना. लॉक लावल्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल तर चांगल्या जॉगिंग गाड्यांत पुढच्या आसाजवळ दिशा जुळवण्याचा स्क्रू असतो. सपाट जागी गाडी तीन मीटर सोडून द्यावी, ती ज्या बाजूला जाते ते पाहून अर्धा फेरा फिरवावा, पुन्हा सोडावी.

तीन चाकं की चार? तीन चाकांची चपळ, पण तिरक्या उतारावर एकदम वळवली की आडवी कलू शकते. सेमिनरी हिल्सच्या चढ-उतारावर नवशिक्याने चार चाकांचीच बरी.

सस्पेन्शनबद्दल फार बोलायला नको. मागच्या दोन्ही आसांवर डोळ्यांना दिसणारी स्प्रिंग किंवा रबराचा ठोकळा हवा. हँडल खाली दाबून सोडल्यावर गाडी एकदा खाली-वर होऊन थांबली तर ठीक. दोन-तीनदा उसळत राहिली तर बाळाला गिट्टीवर झोका नाही, धक्के बसतील.

ब्रेकवर मात्र वेळ घालवा. पायाने लावायचा पार्किंग ब्रेक एका दाबात मागची दोन्ही चाकं अडवतो की दोन्हीकडे वेगळा लावावा लागतो, हे आधी पाहा. वेगळा असेल तर एक बाजू विसरली जातेच. तो चप्पल घातलेल्या पायाने लागतो आणि सुटतो का, हेही पाहा. वरच्या दिशेने उचलून सोडायचा ब्रेक अंगठ्याच्या नखाला लागतो, आणि आपल्याकडे वर्षाचे आठ महिने पायात चप्पलच असते. धावण्यासाठी किंवा उतारासाठी हँडलवरचा हातब्रेकही हवा. पार्किंग ब्रेक चालत्या गाडीला लावायचा नसतो, गाडी जागीच अडून पुढे उलटते. मनगटाला अडकवायचा पट्टा असला तर तो लावायचाच. हँडलला पिशव्या टांगण्याची सवय मात्र सोडा. बाळ सीटमध्ये असताना तोल सांभाळला जातो, त्याला उचललं की भाजीच्या पिशवीसह गाडी मागे पडते. सामान खालच्या बास्केटमध्ये, तेही लिहिलेल्या मर्यादेत. ती साधारण चार-पाच किलोंची असते.

बाळाचं वय आणि सीट

नवजात बाळाला पूर्ण किंवा जवळजवळ आडवं झोपता आलं पाहिजे. बसत्या सीटमध्ये त्याची हनुवटी छातीवर टेकते आणि श्वासाला अडथळा होतो. म्हणून सहा महिन्यांआधी वापरणार असाल तर आडवी होणारी सीट किंवा वेगळा कॅरीकॉट (बाळाला आडवं झोपवायची टोपली) बसवता येणारी गाडी बघा. हे चालण्यापुरतं. गाडी ढकलत धावणं हा वेगळा विषय आहे. कंपन्यांच्या पुस्तिकांत त्यासाठी सहा ते आठ महिन्यांची किमान अट असते. मान पक्की धरणं आणि आधाराशिवाय बसणं, या दोन्ही गोष्टी जमल्यावरच विचार करावा, आणि वेळेआधी जन्मलेल्या बाळाबाबत डॉक्टरांना विचारावं. गिट्टीच्या रस्त्यावर तर वर्षाच्या आतल्या बाळाला घेऊन धावूच नये.

पट्टा पाच टोकांचा हवा: दोन खांद्यांवरून, दोन कमरेचे, एक पायांमधून. खांद्याचा पट्टा बाळाच्या खांद्याच्या पातळीवर किंवा किंचित वर निघाला पाहिजे, त्यासाठी उंची बदलायच्या किमान दोन-तीन जागा असाव्यात. लावल्यावर पट्टा आणि छाती यांत एक बोट जाईल इतपतच सैल. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा दहा-बारा अंशांवर आला की जाड जॅकेट घालून वरून पट्टा लावला जातो. जॅकेट दबतं आणि पट्टा ढिला पडतो. पातळ स्वेटरवर पट्टा आवळा आणि शाल वरून कमरेपर्यंत पांघरा.

मोठ्या चाकांची गाडी तीन-चार वर्षं वापरायची असेल तर वजनाची मर्यादा वाचा. युरोपच्या ईएन १८८८ मानकाचा पहिला भाग १५ किलोपर्यंतच्या मुलांसाठी आहे, दुसरा त्यापुढे २२ किलोपर्यंत. अमेरिकेचं मानक एएसटीएम एफ८३३. यांपैकी काहीतरी लेबलवर असावं. नुसतं ‘इंटरनॅशनल सेफ्टी स्टँडर्ड’ लिहिलेलं असेल तर त्याला काही अर्थ नाही.

हँडलची उंची कमी-जास्त होणारी हवी. आई पाच फूट, बाबा पावणेसहा फूट आणि संध्याकाळी गाडी आजोबांच्या हातात, हे आपल्या घरांचं नेहमीचं चित्र. हँडल धरल्यावर कोपर साधारण काटकोनात वाकलं पाहिजे. ढकलताना पाय मागच्या आसाला लागतो का, हे सगळ्यात उंच माणसाने मोठी पावलं टाकून पाहावं.

ऊन आणि चिखल

नागपुरात मेमध्ये पारा ४५ च्या पुढे जाणं नवीन नाही, त्यामुळे दुपारी गाडी बाहेर काढायचा प्रश्नच नाही. घोटाळा होतो तो सकाळ-संध्याकाळच्या हिशेबात. मेमध्ये पावणेसहाच्या आत सूर्य उगवलेला असतो आणि साडेसातला ऊन बोचू लागतं. संध्याकाळी दिवस मावळल्यावरही सिमेंटचा रस्ता बराच वेळ उष्णता सोडत राहतो, आणि बाळाची सीट त्या रस्त्यापासून दीड-दोन फुटांवर असते. तुमच्या चेहऱ्याला जी हवा बरी वाटते ती बाळाच्या उंचीवर बरी नसते. हाताची मागची बाजू रस्त्याला पाच सेकंद लावून पाहा. ठेवता आली नाही तर परत फिरा. नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू झाला की घरातच बरं.

ऊन लागू नये म्हणून गाडीवर दुपटं, ओढणी किंवा टॉवेल टाकायची सवय घरोघरी आहे. ती मोडा. कोरडं कापड वारा बंद करतं, आतली हवा तापत जाते आणि बाळ दिसेनासं होतं. सावली छताने द्यायची असते. म्हणून निवडतानाच छत बाळाच्या गुडघ्यांपर्यंत पुढे येतं का, मागच्या बाजूला गुंडाळून वर घेता येणारी जाळी आहे का, आणि वरून बाळ पाहायला खिडकी आहे का, हे पाहा. खिडकीच्या झाकणाला वेल्क्रो असेल तर झोपलेलं बाळ त्या आवाजाने उठतं, चुंबक असेल तर उठत नाही. गडद रंगाची सीट टाळा. उन्हात राहिलेल्या गाडीत बाळाला ठेवण्याआधी बकल आणि पट्ट्यांचे लोखंडी भाग बोटाने तपासा. मान आणि पाठ घामाने ओली असेल तर त्याला गरम होत आहे, हाताचे तळवे पाहून अंदाज घेऊ नका. सहा महिन्यांखालच्या बाळाला पाणी द्यायचं नसतं, आईचं दूधच अधिक वेळा पाजायचं.

पावसाळ्यात अडचण काळ्या मातीची. ती चाकाला चिकटत जाते आणि चाक व फ्रेम यांच्यातली फट बुजली की चाक फिरणं बंद. ही फट दीड-दोन सेंटिमीटर तरी असावी. घरी येताच माती ओली असताना साध्या पाण्याने धुवा. वाळल्यावर खरवडून काढताना रिमवर आणि ब्रेकच्या तारेवर ओरखडे पडतात. आसाच्या जागी पाण्याचा जोरदार फवारा मारू नये, बेअरिंगमधलं ग्रीस निघून जातं. रेनकव्हरला दोन्ही बाजूंना हवेची छिद्रं हवीत, आणि पाऊस थांबला की ते लगेच काढायचं, कारण ऊन पडलं की प्लास्टिकच्या आत बाळ उकडून निघतं. साचलेल्या पाण्यातून गाडी नेऊ नका. खाली उघडं चेंबर असू शकतं.

दुकानात काय करून पाहायचं

बरोबर ५ किलोच्या दोन कणकेच्या थैल्या न्या. दुकानदार हसेल, हसू द्या. रिकाम्या गाडीची चाचणी ही चाचणीच नाही.

१. थैल्या सीटमध्ये ठेवून पट्टा लावा. एका हाताने ढकलत दोन खुर्च्यांभोवती इंग्रजी आठचा आकडा काढा. गाडी हाताला झुंजत असेल तर बाजारात तुमचं मनगट दुखेल.

२. हँडल खाली दाबून पुढचं चाक उचला. कड चढायची रीत हीच असते. त्यासाठी अंगाचा सगळा भार टाकावा लागला तर ती गाडी तुमच्या रस्त्यांची नाही. उतरताना उलट वळून मागची चाकं आधी उतरवायची, तेही करून पाहा.

३. दुकानाच्या उंबऱ्यावरून आणि रॅम्पवरून न्या. रॅम्पवर पार्किंग ब्रेक लावून हँडलला ढकला. गाडी सरकली तर विषय संपला.

४. प्रत्येक चाक धरून आडवं हलवा. किंचित हालचाल चालेल, खडखड नको. हँडल दोन्ही टोकांना धरून पिळा. जोडातून करकर आली तर सहा महिन्यांत ती वाढेल.

५. घडी करून पाहा, आणि ती घरातल्या सगळ्यात कमी ताकदीच्या माणसाला करू द्या. घडीचं लॉक आपोआप लागतं का? उघडताना बिजागरीत बोट सापडेल अशी फट आहे का? २००९ मध्ये अमेरिकेत एका नामांकित कंपनीने बिजागरीत मुलांची बोटं तुटल्याच्या तक्रारींमुळे सुमारे १० लाख गाड्या मागे घेतल्या होत्या. तेव्हापासून चांगल्या गाड्यांत बिजागरी झाकलेली असते. झाकलेली असली तरी उघडताना-मिटताना मूल हातभर दूर हवं.

६. घडी केलेली गाडी तुमच्याच कारच्या डिकीत ठेवून पाहा. डिकी किती लिटरची, हा आकडा इथे फसवतो, खरी अडचण डिकीच्या तोंडाची आणि खोलीची असते. १६ इंची चाकांची गाडी घडी करूनही ८५ ते १०० सेंटिमीटर लांब राहते. चाकं एका कळीने निघत असतील तर हॅचबॅकमध्ये बसण्याची शक्यता असते. डिकीत सीएनजीची टाकी असेल तर बहुतेक वेळा मागची सीट पाडावी लागते. मग बाळाची कारसीट कुठे बसवणार, हे आधी ठरवा.

मोठ्या हवेच्या चाकांच्या गाड्या बऱ्याचदा ऑनलाइनच मागवाव्या लागतात. अशा वेळी परत करण्याची मुदत आणि परतीचा खर्च आधी वाचा, खोकं फाडू नका, आणि वरच्या सगळ्या चाचण्या घरातच, लिफ्टच्या दारासकट, पहिल्या दोन दिवसांत उरका. ऑर्डर देण्याआधी विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा: पुढचं चाक, ब्रेकची तार आणि छत सुटं मिळतं का आणि केवढ्याला? उत्तर आलं नाही तर ते ‘नाही’च समजावं.

जुनी गाडी घेणं मुळीच वाईट नाही. चांगली फ्रेम दोन-तीन मुलं सहज काढते. मात्र घडीचे जोड, वेल्डिंगजवळच्या बारीक चिरा, पट्ट्याची शिवण आणि बकल तपासा. उन्हाने फिकट, कडक झालेला पट्टा बदलूनच घ्यावा. मॉडेलचं नाव आणि तयार झाल्याची तारीख फ्रेमवरच्या स्टिकरवर असते. त्यावरून ते मॉडेल कंपनीने मागे घेतलं होतं का, हे इंटरनेटवर पाहता येतं. पुढचं चाक क्विक-रिलीज खटक्याचं असेल तर तो आवळून कसा लावायचा, ते विक्रेत्यासमोरच शिका. खटका नीट न लागल्याने चालत्या गाडीचं पुढचं चाक निसटण्याच्या तक्रारींवरून २०१८ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने एका कंपनीविरुद्ध कारवाई सुरू केली होती. साधा नियम: खटका मिटताना तळहाताला जोर जाणवला पाहिजे आणि तळव्यावर त्याची खूण उमटली पाहिजे. सहज मिटला तर तो लागलेला नाही.

घरी आणल्यावर

पहिल्या आठवड्यात सगळे नट-बोल्ट एकदा आवळा, नवीन गाडीचे जोड बसताना थोडे ढिले पडतात. त्यानंतर महिन्यातून एकदा पुरे. धुळीच्या दिवसांत चाकं काढून आस कोरड्या फडक्याने पुसा आणि सिलिकॉनचा हलका स्प्रे मारा. गंज सोडवायचा पातळ स्प्रे तिथे वापरू नये, तो आधीचं ग्रीस धुऊन काढतो. घट्ट तेलकट वंगणही नको, त्यावर धूळ बसून लगदा होतो. हातब्रेक दाबल्यावर मूठ हँडलला टेकत असेल तर तार ढिली झाली आहे. सायकलवाला पाच मिनिटांत जुळवून देतो.

मेट्रोने जाणार असाल तर सरकत्या जिन्यावर गाडी नेऊ नका, स्टेशनची लिफ्ट वापरा. डब्यात शिरताना प्लॅटफॉर्मच्या फटीवर गाडी सरळ न्या, तिरकी नेली तर पुढचं लहान चाक फटीत वळतं. आत गेल्यावर ब्रेक लावून एक हात हँडलवरच ठेवा. जिन्यावरून न्यायची वेळ आलीच तर बाळाला आधी बाहेर काढा, आणि दोघांनी गाडी फ्रेमला धरून उचला. बाळासमोरच्या आडव्या दांडीला धरून उचलू नका, ती निघण्यासाठीच बनवलेली असते.

हवेची चाकं असतील तर बास्केटच्या तळाशी एक छोटी पिशवी कायम ठेवा: दोन्ही मापांची एकेक ट्यूब, टायर सोडवायच्या दोन प्लास्टिकच्या पट्ट्या, लहान हातपंप, पक्कड आणि जुनं सुती फडकं.